गद्रेकाकांचं साधं घर

कोथरूडच्या सोसायटीत गद्रेकाकांच्या दाराची बेल साईनाथने दोनदा हात मागे घेऊन मग दाबली. काम तसं सोपं. घर हलवणाऱ्यांचं सामान बघायचं, गाडी केवढी लागेल ते ठरवायचं आणि जागेवर कोटेशन लिहून द्यायचं. पण साईनाथ पडला भित्रा. तो प्रत्येक माळ्यावर चढून बघायचा, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे पळायचं. हिंजवडीची जमीन विकून टेम्पो घेतलेल्या मच्छिंद्रशेठनी अखेर त्याला फैलावर घेतलं होतं.

"तू सामान बगायला जातो का पोरगी? पटकन कोटेशन दे. एकदा दिलं की रुपया वाढवायचा न्हाई. आन् अंदाज चुकला, तर उद्यापास्नं तू हमालीला."

नोकरी पक्की झाल्याचं साईनाथ घरी सांगून बसला होता. पेढेसुद्धा वाटून झाले होते.

आज मात्र नशीब जोरावर दिसत होतं. काका-काकू वाकडला, कॉम्प्युटर कंपनीतल्या मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले होते आणि त्यांचं घर मठासारखं मोकळं होतं. दोन खाटा, चार खुर्च्या, भांड्यांची खोकी.

"आम्ही साधी माणसं," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं.

साईनाथने छोट्या टेम्पोचं कोटेशन लिहून, सही करून दिलं. बाहेर पडला तर शेजारच्या वेणूबाईंचं दार उघडं. आत दोन फ्रिज शेजारीशेजारी उभे होते. बाजूला लोखंडी कपाट, आणि त्यावर रंगवलेलं, 'श्री. सीताराम गद्रे यांस निवृत्तीनिमित्त सप्रेम भेट.' वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यात एक सोफा अजून अडकलेलाच होता. मोठ्या गाडीचं भाडं वाचवायला काकांनी निम्मं घर शेजाऱ्यांकडे पोचवलं होतं.

साईनाथ धावत परत आला. "काका, शेजारी तुमचं कपाट आहे."

"असेल."

"ते पण न्यायचंय ना?"

"सही केलीत ना आपण? मग आता सामान न्यायलाच या."

त्या दिवसापासून साईनाथला अन्न गोड लागेना. शेठना सांगावं तरी नोकरी जाणार, न सांगावं तरी जाणार. त्यात सामान हलवायच्या दिवशी शेठ स्वतःच हजर झाले.

बघता बघता घर रिकामं झालं आणि टेम्पो गच्च भरला. साईनाथ टेम्पोत उरलेली जागा शोधू लागला. काका ऐटीत शेजारी गेले.

"वेणूताई, फ्रिज आणि कपाट नेतो हं."

"नेता कुठे?" वेणूबाई चकित झाल्या. "मुलगा सगळं नवीन घेऊन देतोय, हे तुम्हीच ठेवा, असं म्हणालात ना? आमचा जुना फ्रिज मी मोडीतसुद्धा दिला."

काकांनी कपाटाकडे नेलेला हात मागे घेतला. इतकी वर्षं सोसायटीचं चेअरमनपद मिरवलेल्या माणसाने, भाडं वाचवायला सामान लपवतोय, असं सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? म्हणून त्यांनी ती थाप मारली होती, आणि तीही प्रत्येक मजल्यावर.

"कपाटावरचं नाव मात्र पुसणार नाही हं," वेणूबाई म्हणाल्या. "तुमची आठवण."

वरच्या संभाजीरावांनी तर सोफ्याला नवं कापड लावून घेतलं होतं. त्यांनी काकांना आग्रहाने त्यावर बसवलं आणि सरबत पाजलं. काका खाली आले ते हात हलवत.

"मोठी गाडी सांगा म्हटलं होतं," काकू एवढंच म्हणाल्या आणि मुलाच्या गाडीत जाऊन बसल्या.

शेठनी टेम्पोभोवती एक फेरी मारली. "एक खुर्ची जास्त न्हाई, एक कमी न्हाई. असा अंदाज मी उभ्या जन्मात बगितला न्हाई. तुजी नोकरी पक्की."

साईनाथला रडूच आलं.

"आन् उद्या सकाळी बाकीच्या पोरांना बोलावलंय," शेठ म्हणाले. "तुजी पद्धत काय, ती नीट समजावून सांग त्यांना."

टेम्पो वाकडच्या रस्त्याला लागला. ड्रायव्हरच्या शेजारी गद्रेकाका आणि साईनाथ खेटून बसले होते. दोघंही समोर बघत होते. आता मुलाला काय सांगायचं, हे काकांना सुचत नव्हतं, आणि उद्या पोरांना काय शिकवायचं, हे साईनाथला.