बी विंगमधलं सुतक

गेल्या उन्हाळ्यात गेणूतात्यांनी सात वेळा सुतकाची आंघोळ केली. ज्यांच्या नावानं केली ती सातही माणसं पुण्यात धडधाकट होती, दोन वेळ जेवत होती. आपल्यापायी वेल्ह्यात कुणी म्हातारा अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी ओतून घेतोय, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

तात्या माझे शेजारी. मी इथल्या कचेरीत कारकून आहे, मूळचा उत्रोलीचा, आणि बदलीची वाट पाहण्यात इथं अकरा वर्षं काढली आहेत. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. पलीकडं भलत्या वेळी पाणी पडल्याचा आवाज आला की मी चहाचा कप खाली ठेवून विचारायचो, "तात्या, आज कोण?" भिंतीपलीकडून पडेल आवाजात उत्तर यायचं, "बी चारशे दोन."

त्याचं असं झालं. पुण्यात एक मोठी सोसायटी उभी राहिली. त्या जागेवर जुनी झाडं होती, ती तोडली. आता शहर हिरवं करायचं पुण्यानं मनावर घेतलेलं असल्यामुळं, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी लावणं भाग होतं. पण पुण्यात जागा कुठली शिल्लक? जागा आमच्याकडं होती. तेव्हा पुणं हिरवं करण्यासाठी आमच्या गावावरचा माळ पक्का झाला. यात पुणं नेमकं कसं हिरवं होतं ते मला अजून उमगलेलं नाही, पण कागद सगळे बरोबर होते. मी स्वतः पाहिले होते.

पावसाळ्यात एके रविवारी सोसायटीची माणसं बसगाड्या करून आली. सगळ्यांच्या डोक्यावर हिरव्या टोप्या. घरटी एक रोप, आणि प्रत्येक रोपाला पत्र्याची पाटी. पाटीवर नाव आणि फ्लॅटचा नंबर. माणसांनी चिखलात उभं राहून फोटो काढले, पिठलं-भाकरी खाल्ली, हवा किती छान आहे असं एकमेकांना सांगितलं आणि दुपारी तीनला गाड्या परत गेल्या. त्यानंतर त्यातलं कुणीही इकडं फिरकलं नाही. माळावर उरल्या पाट्या, आणि राखणदार म्हणून नेमलेले तात्या.

तात्यांनी सत्तरी ओलांडलेली. पायात प्लास्टिकचे बूट, डोक्याला टॉवेल, आणि कमरेत एवढे वाकलेले की समोरच्या माणसापेक्षा रोपाशी बोलणं त्यांना सोयीचं पडावं. त्यांचं एकच पालुपद होतं, "नाव लिवलंय म्हंजी मानूस हाय." त्यावर वाद नाही. त्यांच्या लेखी तो माळ नव्हताच, सोसायटी होती. "ए विंगला वाळवी लागलीया," असं ते चावडीवर काळजीनं सांगायचे. "तिसऱ्या मजल्यावर रानडुक्कर शिरलं व्हतं," हे ऐकून कचेरीत नवीन आलेला शिपाई पाणी प्यायचा थांबला होता.

कुळकर्णी आजोबांच्या जांभळाला सकाळी पहिलं पाणी, कारण म्हाताऱ्या माणसाला ऊन सोसत नाही. एका नव्या जोडप्याच्या नावाचा आवळा बुंध्यापासून दोन बाजूंना फाकला, तेव्हा तात्या आठवडाभर अस्वस्थ होते. "पटत नसंल दोगांचं," म्हणाले, आणि दोन्ही फांद्या सुतळीनं जवळ बांधून आले. वयानं मोठ्यांना अहो, पोरांना अरं. बायामाणसांच्या झाडांपुढं ते टॉवेल सारखा करून उभे राहायचे. गावातली टारगट मंडळी हसायची. मीही हसायचो, पण माझं हसणं फार टिकायचं नाही. दिवसभर त्या उघड्या माळावर एक म्हातारा माणूस, त्याला नावानिशी ओळखणारं कुणी नाही आणि तो मात्र शेकडो लोकांना नावानिशी ओळखतो, हे काही फार गमतीचं चित्र नव्हतं.

पाण्याचा टँकर चार दिवसांनी यायचा. उन्हाळा वाढला तसा तो आठ दिवसांनी येऊ लागला आणि रोपं जायला लागली. पहिलं गेलं ते सी विंगमधल्या एका बाईंचं. तात्यांकडं फोन नाही. ते माझ्याकडं आले आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावून द्या म्हणाले. मी बेसावधपणे दिला. तात्यांनी गंभीर आवाजात सांगितलं, "सी विंगच्या पाचशे तीनच्या बाई आज पहाटे गेल्या. म्या जवळच व्हतो." पलीकडं हाहाकार उडाला. सेक्रेटरी चार माणसं घेऊन पाचव्या मजल्यावर धावले, तर बाईंनी कणकेच्या हातानं दार उघडलं. त्यानंतर सेक्रेटरी माझ्याशी जे बोलले ते मी कचेरीतल्या नोकरीतही ऐकून घेतलेलं नाही. पुन्हा फोन करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. तात्यांना ते लागलं. गेल्याची खबर घरी पोचवायची नाही, तर मग गेलेल्याला आहे तरी कोण, असं त्यांचं म्हणणं. खबर देता येत नाही म्हटल्यावर निदान आंघोळ तरी करावी, म्हणून ते करायला लागले.

थंडीत लागवडीच्या ठेकेदाराचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आला. माणूस वाईट नव्हता. पुढच्या महिन्यात पुण्याची माणसं पाहणीला येणार, तेव्हा त्यानं सात नवी रोपं आणली होती. वाळलेली काटकं उपटायची, तिथं नवी लावायची आणि जुन्या पाट्या त्यांना अडकवायच्या. तात्यांनी पाट्यांना हात लावू दिला नाही. सुपरवायझर माझ्याकडं येऊन बसला. त्यानं साफ सांगितलं की पाहणीत एक जरी पाटी मोकळी दिसली तरी सोसायटी दुसऱ्या तालुक्यात जागा बघेल. टँकर बंद. मग फाल्गुनात उरलेली सगळी झाडं उभी वाळणार.

मी त्याच संध्याकाळी माळावर गेलो. तात्या एका रिकाम्या आळ्यापाशी उकिडवे बसले होते. मी कारकून माणूस. कागदावर मेलेले जिवंत आणि जिवंत मेलेले झालेले मी पाहिले आहेत, मला यात विशेष काही वाटत नव्हतं. मी त्यांना समजावलं, की आपल्यात आजा गेला की नातवाला त्याचंच नाव ठेवतात. माझ्या मुलाला माझ्या वडिलांचंच ठेवलं आहे. त्यानं कुणाचा अपमान होत नाही, उलट नाव चालू राहतं. मला माझंच बोलणं फार आवडलं.

तात्या बराच वेळ मातीत बोटं फिरवत राहिले.

"माज्या दोन पोरी, भाऊसाहेब," ते म्हणाले. "दोगी सुमन."

मला एकच माहीत होती, पुण्याला धायरीत दिलेली. पहिली चार वर्षांची होऊन गेली होती. ऐन आषाढात तिला ताप भरला, ओढ्याला पाणी चढलेलं, दोन दिवस पलीकडं जाता आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी जायचं कारण उरलं नाही. वर्षानं दुसरी झाली. तात्यांच्या आईनं पाळण्यात बघून सांगितलं की तीच परत आली, आणि बारशाला तेच नाव ठेवलं.

"समदी खूश झाली. म्या बी पेढं वाटलं. पर हाक मारायला तोंड उघडलं की पयली वळून बगायची. मंग म्या हाकच न्हाई मारली. अगं म्हनलं, पोरी म्हनलं. लगीन लावून दिलं, तवा बी न्हाई. तिला वाटतं, बापाला आपली मायाच न्हाई. तिची आई जाताना बी मला ह्येच बोलून गेली."

मला माझ्या मघाच्या युक्तिवादाची लाज वाटली. तरी टँकरचं सांगणं भागच होतं, ते सांगितलं. आजूबाजूला आवळा, करंज, जांभूळ गुडघ्याएवढे उभे होते. तात्यांनी त्यांच्याकडं एकेक करून पाहिलं.

"म्हंजी मेल्यापायी जित्यांना तहान," ते म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातही रोपं स्वतः लावली, सुपरवायझरला जवळ येऊ दिलं नाही. पाटी बांधली की ते पानांपाशी तोंड नेऊन, बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते तसं, हळूच नाव सांगायचे. सातव्याला त्यांचा आवाज बसला होता. पाहणीला माणसं आली, पाट्या मोजल्या, खुणा केल्या, फोटो काढले आणि समाधानानं गेली. टँकर चालू राहिला. मी सगळं पाहून गप्प बसलो, त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी तात्या दारात आले आणि फोन लावून द्या म्हणाले. मी सेक्रेटरींच्या आठवणीनं सरळ नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी खिशातून घडी पडून मऊ झालेला कागद काढला. त्यावर त्यांच्या बायकोच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक नंबर होता. ती गेल्यापासून त्या नंबराला कुणी फोन केला नव्हता.

मी लावला. तात्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडं कुकरची शिट्टी ऐकू आली, मग एका बाईचा घाईतला आवाज. तात्या उभेच होते. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"सुमन," ते म्हणाले.

पलीकडं गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

तात्या खाली उंबऱ्यावर बसले. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा तेच नाव घेतलं, या वेळी जरा हळू.