तारेवरचे बैल

अंजनाला फलटणचं स्थळ सांगून आलं ते साल एकोणीसशे पंच्याहत्तर. माघात मुलगा बघून गेला, फाल्गुनात सुपारी फुटली आणि वैशाखातली तिथी धरायची तेवढी राहिली. तिथंच अंजना अडून बसली.

"दादा न्हाई तर नवऱ्याचा कान कोण पिळणार? मांडवात सगळी बघत बसायची, नि माझ्या पाठीमागं कुणीच न्हाई. दादा येणार आसंल तरच मी बोहल्यावर चढंन."

तिचा दादा नाथाजी फौजेत होता. फलटणकर थांबायला तयार नव्हते. मुलाच्या आजीनं अंथरूण धरलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत लग्न व्हायला पाहिजे, वैशाख चुकला तर आम्ही दुसरीकडं बघू, असा त्यांनी निरोप धाडला. मुलगा अंजनाला मनापासून पसंत होता. हे तिच्या आईला, साळूबाईला, ठाऊक होतं. बाप केरबा, त्याला एवढंच कळत होतं की घरात दोन वेळा भाकरी करपते आहे.

नाथाजीचं पत्र आलं. चैत्रातल्या पहिल्या गुरुवारी तो पठाणकोटला असणार होता आणि रजेचा हुकूम त्याला तिथंच कळणार होता. मिळाली तर तो गाडी धरून खाली येणार. नाही मिळाली तर पलटणीबरोबर वर बर्फात जाणार, आणि तिथून टपालही धड येत नाही. "तार करू का?" असं त्यानं विचारलं होतं.

"तार नगं," साळूबाई म्हणाली. एकाहत्तरच्या लढाईत मागच्या आळीला एका घरी तार आली होती. तेव्हापासून तारवाला दिसला की ती आत जाऊन बसायची. मग ठरलं, कुंडलच्या पोष्टात फोन आहे, त्यावर नाथाजीनं ट्रंककॉल करावा.

केरबाला फोनचं भारी अप्रूप होतं. त्याच्या मळ्याच्या बांधावर फोनच्या तारेचा खांब होता. दुपारी बैल सोडले की तो त्या खांबाला कान लावून बसे. आत काहीतरी गुणगुणत असे. ऊन, वारा आणि ती गुणगुण, यांत केरबाचे डोळे मिटत. त्याला वाटे, सगळ्या मुलखाचं बोलणं इथून चाललंय. सांगलीचा व्यापारी, पुण्याचा साहेब, कुणाची तरी लेक, सगळे एकमेकांत मिसळून वाहताहेत, आणि त्याला तेवढं वेगळं करता येत नाही. पण नदीवर चुलतभाऊ आण्णाची पाण्याची मोटार सुरू झाली की खांबाचा सूर बदलायचा. फोनच्या तारेला चिकटूनच आण्णाच्या मोटारीची विजेची लाईन गेली होती. मग गुणगुण जाऊन नुसती घरघर ऐकू यायची आणि केरबा जागा व्हायचा.

एकदाच त्यानं खरा फोन कानाला लावला होता. आत कुणीतरी कढईत मासे तळतंय असं त्याला वाटलं होतं. म्हणून तो ज्ञानूकडं गेला. ज्ञानू फौजेच्या सिग्नल पलटणीतून पेन्शनीवर आला होता आणि आता पिठाची गिरणी चालवत होता.

ज्ञानूनं गिरणी बंद केली, मिशीवरचं पीठ झटकलं आणि म्हणाला, "केरबा, लाईन म्हंजी चाळण हाय. काय खाली सोडती, काय वर ठिवती. ती कुठला आवाज खाती ते आदी कळाय पायजे."

"ते कसं कळणार?"

"तुला पाठ आसलेलं कायतरी त्याला आदी म्हणू दे. तुला ठावं हाय तो काय म्हणतोय. मग ऐकू काय आलं ते बघायचं. ह्यातनं काय गेलं, काय राहिलं, कळलं का न्हाई? म्हायती आसलेलं कसं आलं, त्येच्यावरनं म्हायती नसलेलं वळखायचं. पलटणीत आमी रोज करत व्हतो."

केरबाला हे एकदम पटलं. खांबाशी बसून त्याला जे जमलं नव्हतं त्याची ही किल्लीच होती. पण पाठ असलेलं म्हणजे काय? केरबाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पाढे त्याला येत नव्हते. आरती म्हणावी तर देवाला असं कामाला लावणं साळूबाईला रुचेना.

"बैलांची नावं म्हणू दे की," अंजना चुलीपुढून म्हणाली. "आबा, तुमाला झोपंत बी येत्यात."

पोष्टमास्तर नानासोंकडून केरबानं पत्र लिहवून घेतलं. 'फोनवर आल्यावर आधी आपल्या दावणीच्या बैलांची नावं पहिल्यापासून म्हण. मग रजेचं सांग.' नानासोंनी चष्म्यावरून दोनदा बघितलं, पण लिहिलं.

मग तालमी सुरू झाल्या. गिरणीचं इंजिन चालू करून ज्ञानू त्याच्या पलीकडं घागरीत तोंड घालून ओरडायचा आणि केरबा अलीकडं हाताची कानाला पन्हळ करून बसायचा.

"पाखऱ्या!" घागरीतून यायचं.

"पाखऱ्या! आला, आला!"

दळण घेऊन आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एकीनं साळूबाईला विचारलं, "आवं, कारभारी बरं हायती न्हवं?"

"बरं हायती," साळूबाई म्हणाली. "बैल ऐकत्यात."

चार दिवसांत ज्ञानू खूष झाला. पण शेवटी त्यानं नवीच मेख मारली. "आण्णाची मोटार चालू राहिली तर समदं वाया. त्या येळंला मोटार बंद पायजे."

केरबाचा चेहरा उतरला. वाटणीपासून, सात वर्षं, तो आण्णाशी बोलत नव्हता. कारण जमीन नव्हे, हौशा. दावणीचा सगळ्यांत देखणा बैल वाटणीत आण्णाकडं गेला आणि केरबानं त्याचं नाव घेणंच सोडलं. तालमीसाठी ज्ञानूला नावं सांगतानाही त्यानं तेवढं गाळलं होतं. पाखऱ्या, माण्या, गुलब्या, सर्जा, चिताळ्या. सर्जानंतर हौशाच्या जागी तो फक्त जरा थांबायचा.

पण लेकीचं लग्न होतं. तो आण्णाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि तोंड भिंतीकडं करून म्हणाला, "बेस्तरवारी सकाळी मोटार बंद ठिवा म्हणावं कुणीतरी."

आण्णानंही भिंतीलाच उत्तर दिलं. "ठिवतो म्हणावं. पण फोनला मी बी येणार. पुतण्या माझा बी हाय."

गुरुवारी पोष्टात पाय ठेवायला जागा नव्हती. नानासो गल्ल्यामागं, केरबा फोनपुढं, ज्ञानू शेजारी मुठीत खडे घेऊन. जे नाव नीट येईल त्याचा खडा उजवीकडं, जे खाल्लं जाईल त्याचा डावीकडं, अशी त्याची पद्धत. साळूबाई भिंतीला टेकून. आण्णा उंबऱ्यात पाठ करून उभा, आणि त्याचा मुलगा लालासाहेब मोटार बंद करून नदीवरून धावत आलेला.

घंटी वाजली. नानासोंनी सांगलीच्या ऑपरेटरशी बोलून रिसीव्हर केरबाच्या हातात दिला. "बोल. तीनच मिनिटं हायती."

केरबानं तो कानाला लावला आणि त्याला खांबाचीच गुणगुण ऐकू आली. पण आज ती स्वच्छ होती, नितळ पाण्यासारखी. त्या पाण्यातून लांबवरून नाथाजीचा आवाज आला.

"आबा? मी नाथा. म्हणू का?"

"म्हण बाळा!"

"पाखऱ्या."

"पाखऱ्या!" केरबा मोठ्यानं म्हणाला. ज्ञानूनं खडा उजवीकडं ठेवला. पण केरबाला खडा दिसला नाही. त्याला पाखऱ्या दिसला. पांढरा, कपाळावर ठिपका, पहाटेच्या धुक्यात विहिरीच्या कडेला उभा. केरबा तेव्हा स्वतःच पोर होता.

"माण्या."

माण्या तासगावच्या बाजारातून आणलेला. वाटेत पाऊस लागला होता आणि केरबाचा बाप व बैल एकाच पोत्याखाली उभे राहिले होते.

"आबा, ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय. सावकाश म्हण. लय ग्वाड वाटतंय."

"गुलब्या. सर्जा."

सर्जानं नव्या सुनेला, साळूबाईला, पहिल्याच दिवशी चाटलं होतं. केरबाचे डोळे मिटले. बैल एकामागून एक तारेवरून चालत येत होते. हिमालयापासून कुंडलपर्यंत, खांबावरून खांबावर, पाय न वाजवता, गळ्यातली घाटी हलकेच हलवत.

"हौशा."

"हौशा!" केरबा सवयीनं मोठ्यानं म्हणाला.

आण्णा उंबऱ्यातून वळला. "काय म्हणाला? हौशा म्हणाला?"

केरबा दचकून जागा झाला. "न्हाई. त्यो तसं म्हणालाच न्हाई. ते लाईनीनं मदी घातलं."

"लाईन खाती, गड्या," ज्ञानू दुखावल्यासारखा म्हणाला. "घालत न्हाई. आजवर लाईनीनं कुणाला फुकट बैल दिल्याला न्हाई."

"पोरगं म्हणालं!" आण्णा पुढं आला. सात वर्षांनी पहिल्यांदा तो केरबाच्या तोंडाकडं बघून बोलत होता. "हौशा तुमच्या दावणीचा म्हणूनच म्हणालं. मग त्याचं नाव तालमीत का न्हाई घेतलंस? साऱ्या गावानं ऐकलं, पाच बैल!"

"तू नेलास म्हणून! माझ्या लेकरागत वाढवल्याला बैल तू दावं सोडून नेलास!"

"चिठ्ठी माझी निघाली, मी काय करू? रातभर हंबरत व्हता तो. मी बी जागाच व्हतो."

केरबानं रिसीव्हर साळूबाईच्या हातात कोंबला. "धर गं हे जरा," म्हणाला आणि आण्णाच्या समोर जाऊन उभा राहिला. "हंबरत व्हता? मला का न्हाई सांगितलंस?"

"तू बोलत व्हतास कुठं?"

ज्ञानू दोघांच्या मध्ये खडे घेऊन उभा होता. "आरं, चिताळ्या राहिलाय अजून! पद्धत मोडतीया!" पण त्याचं कुणी ऐकलं नाही. केरबा रडत होता, आण्णा रडत होता, आणि नानासो सरकारी कामात अडथळा म्हणजे नेमकं काय याचा विचार करत होते. साळूबाई भिंतीकडं तोंड करून, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून उभी होती. मध्येच ती एवढंच बोलली, "व्हय. बरं. जप रं बाबा."

"झाली मिनिटं," नानासो म्हणाले. "तुटला."

केरबा परत फोनकडं धावला. तीन मिनिटं बैलांत गेली होती.

साळूबाईनं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पदर सारखा केला.

"काय म्हणाला गं?" केरबानं विचारलं.

"येतो म्हणाला."

"बघा!" ज्ञानूनं सगळे खडे उजवीकडं सारले. "बाईमाणसाला सुदिक ऐकू आलं. ही पद्धत!" आणि तो जमलेल्या लोकांना पद्धत पहिल्यापासून सांगू लागला. केरबा आण्णाच्या खांद्यावर हात टाकून हौशाला बघायला गेला. त्याच संध्याकाळी फलटणला निरोप गेला आणि तिथी धरली.

लग्नाच्या दिवशी केरबानं निम्मा वेळ एसटीच्या थांब्यावर काढला. तासगावची गाडी आली, सांगलीची आली. प्रत्येक गाडीच्या धुळीतून त्याला एक फौजी उतरताना दिसे आणि धूळ बसली की दुसराच कुणीतरी निघे. तो मांडवात परतला तेव्हा मंगलाष्टका संपत आल्या होत्या. आता लेक काय करेल या भीतीनं तो गर्दीतून पुढं घुसला.

पण अंजनाच्या पाठीशी लालासाहेब उभा होता. अंघोळ करून, नवी कापडं घालून, डोक्याला केशरी फेटा. तो फेटा साळूबाईनं पंधरा दिवस आधीच रंगवून ठेवला होता, हे केरबाला कुठून माहीत असणार? वेळ आली तशी लालासाहेबानं नवऱ्याचा कान असा पिळला की फलटणकर मंडळी उठून उभी राहिली. नवरा "आगाई गं" म्हणाला. अंजना आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करू लागली. आण्णा पोराकडं बघत राहिला.

"पलटणीनं रजा दिली नि मागं घेतली," केरबा पुढं सगळ्यांना सांगत राहिला. कधी तो पलटणीला नावं ठेवी, कधी लाईनीला. साळूबाई ऐकून घेई आणि कामाला लागे. त्या पावसाळ्यात ती जरा वाळली. लेक सासरी गेली की होतंच, असं बाया म्हणाल्या.

नाथाजी आला तो दिवाळीला. गाल फाटलेले, रंग काळवंडलेला. तो जेवायला बसला तसं केरबानं विचारलंच, "काय रं, दिल्याली रजा मागं कशी घेतली?"

"कुणी दिल्याली? मी आईला सांगितलं की फोनवर. रजा न्हाई, मी वर चाललो, अंजीचं लगीन थांबवू नगा, लालाला फेटा बांधा. दिवाळीला येतो."

केरबाचा घास हातातच राहिला. त्यानं साळूबाईकडं बघितलं. ती भाकरी थापत होती.

"आगं, तुला ऐकू आलं न्हाई व्हय?"

"न ऐकू याला काय झालं? हितं बसून बोलतोय तसा बोलत व्हता. आण्णांनी मोटार बंद केली व्हती न्हवं?"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. येतो म्हणाला म्हणून सांगितलं." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. "कवा, ते कुणी इचारलं? तुमी दोगं भाऊ रडत व्हता. खरं सांगितलं आसतं तर अंजी बोहल्यावर चढली नसती. नि हा वर बर्फात जातोय म्हणल्यावर तुमी जेवला नसता. तवा तुमच्या कामाचं तेवढं तुमाला दिलं. उरल्यालं माझ्यापाशी ठिवलं."

नाथाजी खाली मान घालून हसला. केरबाला मात्र हसू येईना. चैत्रापासून दिवाळीपर्यंत घरात तो लाईनीवर चिडत होता, आणि चुलीपुढं बसलेल्या बाईला रोज बर्फ दिसत होता. त्यानं कधी तिकडं कान दिला नव्हता. तो उठला, आपल्या ताटातला गूळ तिच्या ताटात ठेवला आणि पुन्हा जेवायला बसला.

"गिळा आता," साळूबाई म्हणाली. "गार हुतंय."

साळूबाई एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या श्रावणात वारली. नाथाजी तेव्हा घरी होता; तार करावी लागली नाही.