भरल्या तोंडी फ्लॉपी

"यंदाच्या दसऱ्याला वही बंद, चिठ्ठ्या बंद, आठवणीवर चाललेला सगळा कारभार बंद! मी फक्त एक बटण दाबणार आप्पासाहेब, की अठरा गावांची श्रीखंडाची यादी खर्रकन बाहेर!"

गोरक्षनाथने हे छातीवर हात मारून सांगितलं होतं. साल होतं शहाण्णव. मिरजगावात आप्पासाहेबांची दूध डेअरी होती आणि गोरक्षनाथ तिथला हंगामी कारकून. नगरला जाऊन त्याने तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. ज्ञान किती मिळालं देव जाणे, ऐट मात्र भरपूर मिळाली! त्याच्याच नादी लागून आप्पासाहेबांनी कॉम्प्युटर घेतला. मग कॉम्प्युटरला गारवा हवा म्हणून एसी आला, करंट कमी-जास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर आला, धूळ चालत नाही म्हणून काचेचं दार आलं. मालकाच्या डोक्यावर करकरणारा पंखा आणि मशीन थंड हवेच्या ठिकाणी, अशी सगळी शोभा!

आप्पासाहेब मिशीवर बोट फिरवत म्हणाले, "ऐक गोरक्षा. दसऱ्याला सकाळी सातला टेम्पो निघतो. कुठल्या गावाला किती बादल्या, त्याची यादी तवर हातात आली, तर तुला कायम करतो. न्हाई आली, तर एसी इकतो आन् तुला घरी धाडतो."

गोरक्षनाथच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न होता. नोकरी कायम नाही म्हणून दोन स्थळं परत गेली होती. तिसरं जामखेडचं होतं आणि ते दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होतं. त्यामुळे त्याने यादी जिवापाड जपली. कुणी बघू नये म्हणून ती एकाच फ्लॉपीत ठेवली, फ्लॉपी कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली खिशात!

पण एक चूक त्याच्याकडून आधीच होऊन गेली होती. डेअरीची झाडलोट बायडाबाईंकडे. वीस वर्षांत त्यांनी डेअरीतली एकही वस्तू न पुसता सोडली नव्हती. एकदा झाडता झाडता त्यांनी विचारलं, "काय रं गोरक्षा, ह्ये चौकोनी काय घालतो सारखं त्याच्या तोंडात?"

आता नीट समजावून सांगायला काय झालं होतं? पण ऐट नडली. तो म्हणाला, "खाणं आहे ते त्याचं, मावशी. हे घातल्याशिवाय ते कामच करत नाही."

"रोज?"

"रोज."

"बिचारं," म्हणाल्या बायडाबाई, आणि झाडू घेऊन पुढे गेल्या.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं धुवून-पुसून मांडायची, पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि दिवसभर एकालाही हात लावायचा नाही. गाई-म्हशींना खंडेनवमी कळत नाही म्हणून दुधाची मशिनं तेवढी चालू. बाकी मेकॅनिक सहादेवचे पाने, पकडी, हातोडे आणि यच्चयावत स्क्रू-ड्रायव्हर पाटावर हळदकुंकू लावून बसले होते. बायडाबाईंनी सगळ्यांना लांबूनच नैवेद्य दाखवला. पान्याला काही तोंड नसतं. पण काचेच्या खोलीत एकाला होतं! आणि सणासुदीचं ते उपाशी!

बायडाबाईंनी पुरणपोळीचा एक चतकोर घेतला, वर चमचाभर तूप सोडलं आणि मायेने फटीत सरकवला. अगदी मापात बसला.

कॉम्प्युटर काही हत्यार नव्हे, असं म्हणत दहा वाजता गोरक्षनाथ यादी छापायला बसला. फ्लॉपी आत जाईना. त्याने अंगठ्याने रेटली. आत काहीतरी पिचकलं. त्याने दोन्ही अंगठ्यांनी रेटली. फ्लॉपी निम्मी आत गेली आणि रुतून बसली. मशीन गुरगुरलं आणि फटीतून तुपाचा एक ओघळ टेबलावर आला.

"मावशी!"

"काय झालं रं? आवडलं न्हाई का त्याला?"

गोरक्षनाथ धावत आप्पासाहेबांच्या खोलीत गेला आणि नगरच्या इंजिनिअरला फोन लावला. समोर आप्पासाहेब बसलेले, त्यामुळे आवाज खाली.

"एरर काय येतोय?" इंजिनिअरने विचारलं.

"वास येतोय."

"जळका?"

"नाही. जायफळाचा."

"ड्राइव्हमध्ये काय अडकलंय?"

"पुरण."

"हे नवीन निघालंय का? आमच्याकडे अजून आलं नाही. असं करा, खोलून बघा. चारच स्क्रू आहेत."

चारच स्क्रू! गोरक्षनाथ सहादेवच्या पाया पडायचा बाकी राहिला.

"आज न्हाई," सहादेव थंडपणे म्हणाला. "खंडेनवमी हाय. आज हत्यार उचलत न्हाईत."

"अरे, मग तू नको उचलू. मला दे!"

"पूजेतलं उचलतो व्हय? आन् उद्या माझं बोट तुटलं म्हंजे?"

मग गोरक्षनाथने आठ आण्याचं नाणं लावून पाहिलं, कंगवा लावून पाहिला, अंगठ्याचं नख लावून पाहिलं. नख तुटलं. स्वयंपाकघरातली सुरी मागितली तर तीही पूजेत! दुपारपर्यंत काचेच्या दाराखालून लाल मुंग्यांची रांग लागली. ज्या खोलीत आप्पासाहेबांनाही चपला काढून यावं लागे, तिथे मुंग्या सहकुटुंब शिरत होत्या. गोरक्षनाथ एकेक मुंगी चिमटीत धरून बाहेर सोडत बसला. अगदी रडकुंडीला आला होता बिचारा!

"खाऊ दे की सावकाश," बायडाबाई दारातून म्हणाल्या.

दसऱ्याच्या पहाटेच त्याने सहादेवला घरातून उठवून आणलं. सहादेवने पाट हलवला, नमस्कार केला, स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि चार स्क्रू काढले. फ्लॉपी बाहेर आली ती पिवळीधमक, दोन्ही अंगांनी पुरण आणि मधे मुंग्या. गोरक्षनाथने ती सदऱ्याला पुसली, फुंकली, परत पुसली. तिची आतली चकतीच सदऱ्याला चिकटून आली!

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सात! गोरक्षनाथ अनवाणी धावला.

"कानिफनाथ, थांब! यादी नाही!"

टेम्पोवाला कानिफनाथ गिअर टाकता टाकता म्हणाला, "कसली यादी?"

"कुठल्या गावाला किती बादल्या, त्याची!"

"आरं, गावागावातनं आर्डरी आनल्या कुनी? मीच की! तुला इथं बसून सांगितल्या कुनी? मीच! बादल्या कवाच भरल्यात."

"मग मी दर आठवड्याला छापून देतो त्या याद्या?"

"त्या व्हय! लई झ्याक कागद. काच पुसली की एक डाग ऱ्हात न्हाई बग."

टेम्पो वेळेवर गेला. धूळ खाली बसली तेव्हा पायरीवर आप्पासाहेब उभे होते.

"म्हंजे ह्याच्यावाचून काय बी अडलं न्हाई," ते हळूच म्हणाले. गोरक्षनाथला जामखेडचं स्थळ एसटीत बसून परत जाताना दिसायला लागलं.

तेवढ्यात बायडाबाई पुढे आल्या. "पन मशीन बिघडलं कुनामुळं, ते इचारा की मालक! म्या गुमान खाऊ घातलं. ह्यानं वरनं दोन्ही अंगठ्यांनी घास कोंबला! भरल्या तोंडात कोनी घास कोंबतं व्हय?"

आप्पासाहेबांनी बराच विचार केला. "बराबर हाय."

"पोरगं वाईट न्हाई. अडानी हाय. ऱ्हाऊ द्या त्याला, माझ्या हाताखाली शिकंल."

आणि गोरक्षनाथ कायम झाला! कॉम्प्युटर खातं बायडाबाईंकडे, गोरक्षनाथ त्यांचा मदतनीस. आप्पासाहेबांनी तसं सहीनिशी लिहून दिलं. त्याला आनंदाने रडू आलं की नुसतंच आलं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुपारी सहादेवने ड्राइव्ह पेट्रोलने धुतला, आणि काय आश्चर्य, तो फिरायला लागला! गोरक्षनाथला हुरूप आला. नवी कोरी फ्लॉपी हातात घेऊन तो म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी आल्या आल्या ही घालतो आणि सगळं पहिल्यापासून भरतो."

"उद्या एकादशी हाय," बायडाबाई म्हणाल्या. "उद्या त्याला काय घालायचं न्हाई."

"मावशी, फ्लॉपी आहे ही!"

बायडाबाईंनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "उपासाची हाय का?"

कायम झालेला माणूस तो. त्याने मुकाट्याने फ्लॉपी कपाटात ठेवून दिली.