लोटनआप्पा आणि कोक्याचे दात

लोटनआप्पा कुत्र्याची वस्तू आधी स्वतः चावून बघतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला. म्हसावदला आमची घरं भिंतीला भिंत लागून. सत्तरीचा हा माणूस ओट्यावर बसून कुत्र्याचं रबरी हाड दाढेखाली धरून, डोळे मिटून विचार करत होता.

"पहिले आपली जीभ, मंग दुसरानं तोंड," ते मला शांतपणे म्हणाले.

आप्पांनी जन्मभर पोरांना सुतारकाम शिकवलं. लाकडावर ओरखडा दिसला की त्यांच्या कपाळाची शीर उठायची. अशा माणसाच्या नशिबी कोक्या यावा! सुरतला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, मनीषाने, हौसेने हे मुठीएवढं पॉमेरेनियन पिल्लू घेतलं. त्याने भाड्याच्या फ्लॅटचा दरवाजा आणि मालकाचा सोफा कुरतडला. मालक घर सोडा म्हणाला. मनीषाने पिल्लू वडिलांकडे आणून सोडलं आणि सांगितलं, याचं चावणं सुटलं की लगेच घेऊन जाईन.

"कुत्रं शे का रंधा?" आप्पा तणतणले. पहिल्याच आठवड्यात कोक्याने त्यांच्या हातच्या सागवानी खुर्चीचा पाय रंधा मारल्यासारखा सोलून काढला होता.

आपला जिल्हा मिरचीचा, म्हणून आप्पांनी खुर्चीला मिरचीचं पाणी फासलं. अर्थात आधी स्वतः चाटून बघितलं. तासभर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, डोळ्यांतून मात्र धार लागली. कोक्याने खुर्ची सोडली आणि पडदा खाल्ला.

शेवटी मीच त्यांना शहाद्याच्या गुरांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, पिल्लाला दात येताहेत, हिरड्या शिवशिवतात. शिवाय एवढासा जीव एकटा कंटाळला की चावत सुटतो. मारू नका, मिरची तर मुळीच नको. नको ते तोंडात धरलं की खेळणं पुढे करा, ते घेतलं की शाबासकी द्या. ओला कपडा पिळून, गोठवून चावायला द्या, दोन वेळा फिरवून आणा. आप्पांनी विचारलं, बाभळीचा तुकडा दिला तर? डॉक्टर म्हणाले, कपची घशात अडकली तर जीव जाईल. जन्मात पहिल्यांदा कोणी आप्पांना लाकडाबद्दल शिकवत होतं, आणि ते चक्क ऐकून घेत होते. मी थक्क झालो.

मग आप्पा शाळेच्या घंटेसारखे वागू लागले. सकाळी बसस्टँडपर्यंत फेरी, दुपारी गोठवलेला कपडा, संध्याकाळी शेताकडे. चार महिन्यांत कोक्याचे नवे दात आले आणि खोड गेली. चपला दारात उघड्यावर राहू लागल्या. म्हटलं, सुटले आप्पा.

पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते मनीषाला खुर्चीचा ताजा कुरतडलेला पाय दाखवत. मला कळेना, हे कधी घडतं?

एका रविवारी पेपर मागायला मी हाक न मारताच आत शिरलो आणि उंबऱ्यातच थिजलो. आप्पा फरशीवर पालथे पडून, सुतारकामाच्या बारीक पटाशीच्या टोकाने आपल्याच खुर्चीवर दातांच्या खुणा पाडत होते. कोक्या शेजारी बसून आपलं रबरी हाड चघळत होता.

"आप्पा, काय करी ऱ्हायनात?"

"खुना बारीक पडाले पाहिजेत," ते मान वर न करता म्हणाले. "नईतर मोठा कुत्राना दात वाटतीन."

मी तिथेच बसलो. पटाशी थांबली.

"चावनं सुटनं हाई तिले समजनं, का ती त्याले सुरतले लई जाई. तो गया का हाई घर माले खावाले उठई, भाऊ."

तेवढ्यात मनीषाचा व्हिडिओ कॉल आला. मला पाहून म्हणाली, "काका, तुम्ही खरं सांगा. त्यानं चावनं सुटनं का?"

मी पोस्टात नोकरी केलेला माणूस, खोटं बोलताना माझी जीभ अडखळते. आप्पा खाली बघत बोटाने फरशीवरचा भुसा गोळा करत होते.

"नई, बेटा," मी म्हणालो. "आजच खुर्चीना पाय खादा त्यानी."

मनीषाची नजर वडिलांच्या भुशाने माखलेल्या बोटांवरून बाजूच्या पटाशीवर गेली. मग हळूच म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या त्याले तठेच, आप्पासंगे."