चेरोकी, बॅचलर आणि मोकळी हवा

पोरांचा गृहपाठ बापानं करायचा, ही आपली रीत हेमचंद्रनं दुबईतही निष्ठेनं पाळली होती. मुग्धा पहिलीत असताना त्यानं थर्माकोलचा किल्ला केला. आता ती अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरावीला होती आणि २००८च्या सप्टेंबरात सरांनी चेरोकींच्या विस्थापनावरचे उतारे देऊन प्रत्येकावर एक पानी विश्लेषण मागितलं होतं. अमेरिकेतल्या या मूळ रहिवाशांनी स्वतःची लिपी केली, वर्तमानपत्र काढलं, राज्यघटना लिहिली. तरी सरकारनं त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकललं आणि वाटेत हजारो मेले. हेमचंद्रला खरोखर गहिवरून आलं. त्यानं लिहिलं, ‘तुमच्याच हितासाठी असं कुणी म्हणालं, की आपलं घर गेलं समजावं.’

“बाबा, टू इमोशनल,” मुग्धा म्हणाली. तरी ए मिळाला.

हेमचंद्र ऊद मेथातल्या आपल्या इमारतीच्या रहिवासी कमिटीचा सचिवही होता. तिसऱ्या मजल्यावर रास अल खोरच्या गॅरेजांत राबणारे काही बॅचलर राहत. ज्याची बायको इथे नाही तो बॅचलर, मग गावी त्याला चार पोरं का असेनात. भाडं वेळेवर, आवाज नाही, लिफ्टमध्ये बायका दिसल्या की हे जिन्यानं जात. तक्रारीला जागाच ठेवत नसत, म्हणून कमिटी फार वैतागली होती.

शेवटी इमारतीत फक्त फॅमिलीच राहतील असा नियम हेमचंद्रनं काढला आणि इथे त्याचा व्यासंग कामी आला. “गणू, हे तुमच्याच हितासाठी आहे,” तो त्यांच्यातल्या एकाला म्हणाला. “कामाजवळ राहाल, मोकळी हवा मिळेल.” घोडं अडलं ते जागा सोडण्याच्या कागदावरच्या सह्यांपाशी. गणू कायमचा गावी निघाला होता, त्यानं सही दिली. ती सगळ्यांची धरली आणि मजला रिकामा झाला. चेरोकींच्या करारावरही अशाच मूठभरांनी सह्या केल्या होत्या. ‘याला संमती म्हणणं ही शुद्ध लबाडी,’ असं हेमचंद्रनं त्याच आठवड्यात लिहिलं. ए-प्लस.

मग मंदी आली. पगार निम्मा झाला, बायको मंजुषा मुग्धाला घेऊन पुण्याला गेली. शेवटचा पेपर ईमेलनं द्यायचा ठरला. पाठोपाठ कमिटीचे अध्यक्ष आत्माराम दारात उभे राहिले.

“हेमचंद्रराव, नियम तुमचाच. फॅमिली इथे नाही म्हणजे बॅचलर.”

“अहो, माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला जेवून गेलात तुम्ही!”

“गणूचंही लग्न झालं होतं. शारजाला जा, हवा मोकळी आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, खलास.”

“मी कुठे केलीय?”

“तुमची गरज पडली नाही.”

हेमचंद्रनं खोकी बांधायला घेतली. तेवढ्यात मुग्धाचा फोन आला.

“बाबा, लास्ट क्वेश्चन. व्हॉट वेअर द नेबर्स डूइंग?”

चेरोकींना हाकललं तेव्हा शेजारी काय करत होते? हेमचंद्रनं आणखी एका खोक्याला चिकटपट्टी लावली. फोन मंजुषानं घेतला.

“अहो, आत्ताच इथल्या सोसायटीची मीटिंग झाली. वरच्या फ्लॅटमधल्या नोकरीवाल्या पोरींना काढायचं ठरलं. चांगल्या आहेत हो बिचाऱ्या.”

“मग?”

“मग काय, सगळेच करत होते. मीही सही केली.”

मुग्धानं शेजारी बसून ते उतरवून घेतलं आणि पेपर पाठवून दिला. कुणाला हे उत्तर अपुरं वाटलं, तर त्यानं खाली जाऊन आपल्या सोसायटीच्या फाटकावरची ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी वाचून यावी.