आप्पांचा तळहात

ड्रम सँडर टेम्पोतून उतरवून दुकानात आणला, तेव्हा आप्पांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "गिरणी कधी घातलीस रे?"

तसं त्यांचंही चुकत नव्हतं. लोखंडी खोक्याच्या पोटात एक आडवा ढोल, ढोलावर गुंडाळलेला पॉलिशपेपर आणि खाली फळी पुढे सरकवणारा पट्टा. एका बाजूनं खडबडीत फळी आत घालायची, दुसऱ्या बाजूनं ती गुळगुळीत होऊन बाहेर येणार आणि मागच्या जाड नळीतून पिशवीत पिठासारखा भुसा पडणार. सगळा सुतारबाजार त्याला सँडर म्हणत असला तरी त्या दिवसापासून या दुकानात त्याचं नाव गिरणीच पडलं.

"आप्पा, माझा खांदा दुखतो," बारक्या म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, हातानं घासणं आता बंद."

"आमच्या खांद्याला कधी डॉक्टर लागला नाही," आप्पा म्हणाले आणि दाराजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

बारक्या हा आप्पांचा एकुलता एक मुलगा. लहानपणी काडीसारखा होता म्हणून ते नाव पडलं. आता तो कपाटाएवढा झाला होता, डोक्यावरचे केस निरोप घेत होते, पण नाव काही मोठं झालं नव्हतं. दुकान तोच चालवायचा. आप्पांनी रंधा कधीच खाली ठेवला होता. मात्र एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. त्यांचा तळहात फिरल्याशिवाय या दुकानातून साधा स्टूलसुद्धा बाहेर जात नसे.

तो एक सोहळाच असायचा. आप्पा डोळे मिटायचे, उजवा तळहात लाकडावर टेकायचे आणि तान्ह्या मुलाला निजवावं तसा तो हळूहळू पुढे न्यायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग कुठंतरी हात थांबायचा. "इथं राहिलंय." बारक्या मुकाट्यानं पॉलिशपेपर घेऊन तेवढी जागा पुन्हा घासायचा. बरं, आप्पांचा हात जिथं थांबायचा तिथं खरोखरच राहिलेलं असायचं. बारक्यानं घाई केलेली असायची, किंवा जेवणाची वेळ झाली म्हणून चार हात कमी मारलेले असायचे. शेवटी आप्पा म्हणायचे, "जाऊ दे," आणि मगच माल बाहेर पडायचा.

त्या तळहाताचा दरारा बारक्याला लाकूड कळायच्या आधीपासून ठाऊक होता. तो शाळेत असताना सकाळी अंथरुणात कण्हायला लागला की आई काळजीनं थर्मामीटर शोधायला धावायची. आप्पा फक्त कपाळावर हात ठेवायचे. "ताप नाही. गणिताची परीक्षा आहे. ऊठ." तो हात कधी चुकला नाही. आई गेली त्या वर्षी दुकान बंद ठेवायची वेळ आली होती, तेव्हाही तोच हात बराच वेळ बारक्याच्या पाठीवर होता, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी दुकान उघडलं होतं. बारक्याच्या लेखी त्या हातात काय होतं ते सांगायला शब्द पुरले नसते.

तर गिरणी सुरू झाली. पहिली फळी सुळकन आत गेली आणि लोण्यासारखी होऊन बाहेर आली. आप्पा खुर्चीतून उठले. डोळे मिटले. हात फिरवला. हात कुठं थांबेना. त्यांनी दुसऱ्या टोकाकडून पुन्हा फिरवला. पुन्हा थांबेना. मग त्यांनी डोळे उघडून एकदा फळीकडे पाहिलं, एकदा बारक्याकडे पाहिलं.

"जाऊ दे," ते इतक्या हळू म्हणाले की बारक्याला नीट ऐकूसुद्धा आलं नाही. मग छत्री घेऊन ते दुपारीच घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

"मला काय काम आहे तिथं?" ते म्हणाले. "गिरणीत तयार होतंय की सगळं."

आठवडाभरात बारक्याची बायको रडकुंडीला आली.

"अहो, आप्पांना दुकानात न्या हो!" ती म्हणाली. "सकाळी घासलेल्या भांड्यांवर हात फिरवतात. कढई पुढे आली की म्हणतात, सूनबाई, इथं राहिलंय. काल इस्त्रीच्या कपड्यांवर फिरवला. आज भिंतींवर चाललाय."

"सापडलं का काही भिंतीत?"

"हसू नका. रात्री जेवत नाहीत नीट. खिडकीशी बसून असतात नुसते."

बारक्याचं हसू मावळलं. खरं सांगायचं तर त्यालाही दुकान खायला उठत होतं. दाराजवळची खुर्ची रिकामी बघवत नव्हती. माल गुळगुळीत बाहेर पडत होता, खांदा दुखत नव्हता, आणि तरीही मन कशात लागत नव्हतं. या मशीनपायी आपण आपल्या बापाला घरी बसवलं, एवढंच सारखं डोक्यात येत होतं.

म्हणून त्यानं एक युक्ती केली. गिरणीतून काढलेल्या एका स्टुलाच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, जाड्याभरड्या पॉलिशपेपरनं त्यानं नखाएवढी जागा मुद्दाम खरवडून ठेवली. मग घरी जाऊन म्हणाला, "आप्पा, एकदा बघून जा. मला काही खात्री वाटत नाही."

आप्पा आढेवेढे घेत आले. डोळे मिटले. हात सरकत सरकत कोपऱ्याशी आला आणि थांबला.

"इथं राहिलंय!"

तोंडात होते नव्हते तेवढे सगळे दात दाखवून आप्पा हसले. बारक्यानं कपाळाला हात लावून "अरेच्चा!" म्हटलं. त्या संध्याकाळी आप्पा दोन घास जास्त जेवले आणि कढईबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

झालं. रोजचा परिपाठच सुरू झाला. आप्पा यायच्या आत बारक्या प्रत्येक वस्तूवर गुपचूप एक जागा खरवडून ठेवायचा. कधी कडेला, कधी मधोमध, कधी पायाच्या आतल्या अंगाला, जिथं कुणाच्या बापाचा हात जाणार नाही. पण आप्पा ते बरोबर शोधून काढायचे. बारक्याला मनातून त्यांचं फार कौतुक वाटायचं. या वयात हा हात!

पण चांगलं चाललेलं स्वतःपुरतं ठेवतील तर ते आप्पा कसले? न्हाव्याकडे, चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, जो भेटेल त्याला ते सांगायला लागले. "मशीन कितीही मोठं आणा, प्रत्येक फळीत काहीतरी सोडतंच. हात तो हात." हे ऐकून न्हाव्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं की ते मशीन लाकूड बिघडवतं. तिथून टपरीपर्यंत पोचेस्तोवर मशीननं एक अख्खं कपाट फाडलं होतं. पलीकडच्या रस्त्यावरच्या सुतारानं तसलंच मशीन मागवलं होतं, त्यानं ते रद्द केलं. आणि बारक्याकडे लांबलचक टेबल करायला दिलेल्या निवृत्त मुख्याध्यापक बाईंनी निरोप धाडला, "आप्पांचा हात माझ्यासमोर फिरल्याशिवाय मी टेबल घेणार नाही."

मग व्हायचं तेच झालं. ज्यानं मशीन विकलं होतं तो दुकानदार आपल्या मेकॅनिकला घेऊन तणतणत आला. नेमक्या त्याच वेळी बाईही दारात उभ्या.

"माझ्या मशीनची बदनामी का करताय हो?" दुकानदार म्हणाला. "काय राहतं, कुठं राहतं, दाखवा मला."

मेकॅनिकनं मोटर उघडली, पट्टा ताणून पाहिला, चाकं फिरवून ऐकली. "काही बिघाड नाही," तो म्हणाला.

"माझ्यासमोर फळी घाला," दुकानदार म्हणाला. "आत्ता!"

बाईंच्या टेबलाची फळी गिरणीत गेली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर आली. बारक्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरवडायला संधीच मिळाली नव्हती. आता आप्पांना काही सापडणार नाही, चार लोकांत त्यांची शोभा होणार, आणि उद्यापासून ते पुन्हा खिडकीशी. या वेळी कायमचे.

आप्पांनी डोळे मिटले. हात फिरायला लागला. बारक्याचा जीव टांगणीला. हात मध्यावर आला, पुढे सरकला, फळी संपत आली. आता उरलं फक्त वीतभर. बारक्याला ते बघवेना, त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

"इथं राहिलंय," आप्पा म्हणाले.

दुकानदारानं पुढे होऊन बोट फिरवलं. "कुठं? काहीच नाही."

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स बारक्याच्या हातात दिली, डोळे मिटले आणि तिथं तळहात टेकला. "आहे. स्पष्ट आहे. मन एकाग्र करावं लागतं."

बाईंनी असं म्हटल्यावर मेकॅनिकनंही हात लावला. तो लहानपणी बाईंच्याच शाळेत होता. "किंचित आहे खरं," तो म्हणाला. मग दुकानदारानंही पुन्हा डोळे मिटले, बराच वेळ उभा राहिला आणि हळूहळू त्याचाही चेहरा पडला.

"मला माझं नाव खराब करून घ्यायचं नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी टेम्पो पाठवतो. मशीन परत घेतो."

ते सगळे गेले. बारक्याचा खांदा नुसत्या विचारानंच ठणकायला लागला. आप्पा खुर्चीत बसून पाय हलवत होते. शेवटी बारक्याला राहवलं नाही. तो त्यांच्यासमोर पालथ्या खोक्यावर बसला.

"आप्पा, एक सांगायचंय. ते राहिलेलं असायचं ना, ते मीच करायचो. खरवडून ठेवायचो. तुम्ही यावं म्हणून."

"माहितीये," आप्पा म्हणाले.

"माहितीये? कसं?"

आप्पांनी उजवा तळहात उलटा करून मांडीवर ठेवला. "याला काही कळत नाही रे बारक्या. बरीच वर्षं झाली. बधिर झालाय. चटका बसला तरी वास आल्यावर कळतं."

"मग इतकी वर्षं राहिलेलं कसं सापडायचं?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. डोळे पुरते कुठं मिटतो मी? किलकिले असतात. हात फिरवत न्यायचा आणि तुझ्याकडे बघायचं. जिथं तू चुकारपणा केलेला असायचास तिथं हात गेला की तुझा श्वास अडकायचा. चोराच्या मनात चांदणं. लाकूड वाचण्यापेक्षा तू सोपा."

"आणि आज?"

"आज तू सगळीकडेच घाबरलेला होतास. शेवटी डोळे मिटलेस, तिथं थांबलो."

"आणि कढई?"

"सूनबाईला कढई घासायचा कंटाळा आहे. तोंडावर दिसतं."

बारक्या हसायला लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

"गिरणी आली त्या दिवशी मी हात फिरवला," आप्पा म्हणाले, "आणि तुझ्या तोंडावर काहीच नव्हतं. कोरी पाटी. तेव्हा मात्र घाबरलो. म्हटलं, संपलं आपलं काम. मग तू ते खरवडायला लागलास. मला पहिल्याच दिवशी कळलं. पण घरी बसण्यापेक्षा बरं वाटलं रे."

मग बारक्याच्या मनात एक शंका आली आणि ती काही चांगली नव्हती.

"आप्पा, म्हणजे गिरणी आल्यापासून माल खरा तपासला कुणी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पांना तो बारक्या तपासतोय असं वाटत होतं, बारक्याला आप्पा. इतक्या वर्षांत बारक्यानं स्वतःचा तळहात कधी फळीभर फिरवलाच नव्हता. आप्पांचा हात असताना तो कशाला फिरवेल? तो उठला, बाईंच्या फळीशी गेला, डोळे मिटले आणि हात टेकला. लाकूड हाताखाली गार होतं. हात फळीवर आडवा नेत असताना एकाएकी काहीतरी लागलं. केसाएवढी बारीक रेघ. त्यानं बोट रेघेवरून नेलं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली होती.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं. त्यांची नजर अर्थातच बारक्याच्या तोंडावर होती.

"काही नाही. चालून जाईल."

"बारक्या."

"रेघ आहे," बारक्या म्हणाला. "अख्खी."

कोपऱ्यात दोन नवे स्टूल ठेवले होते. त्यांच्यावरही तशीच रेघ. पहिल्या आठवड्यातली एक फळी अजून दुकानातच होती, तिच्यावरही. खोट्या खरवडीचं कौतुक करता करता खरी खोट रोज सर्वांच्या हाताखालून निघून गेली होती.

सकाळी टेम्पो आला, दुकानदार आला, मेकॅनिक आला. बारक्यानं त्यांना रेघ दाखवली. मेकॅनिकनं ढोल उघडला, पॉलिशपेपरवरून बोट फिरवलं आणि जीभ चावली. कुठल्याशा फळीच्या जोडातला ओला डिंक पेपरवर चिकटून वाळला होता, आणि तो बारीकसा खडा प्रत्येक फळीवर इमानेइतबारे रेघ ओढत होता. पेपर बदलला. फळी पुन्हा आत गेली, बाहेर आली. बारक्यानं हात फिरवला, आप्पांनी बारक्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. टेम्पो रिकामाच परत गेला. गेलेला माल परत आणून घासून द्यायचं बारक्यानं कबूल केलं, तेव्हा नाही म्हटलं तरी आप्पांची छाती फुगली.

दुकानदार मात्र आप्पांसमोर हात जोडून उभा राहिला. "मानलं तुम्हाला. माझ्या मेकॅनिकला मोटर उघडून कळलं नाही, ते तुमच्या हाताला कळलं. गोदामात नवी मशीनं आलीत. विकायच्या आधी एकेकातून काढलेल्या फळीवर तुमचा हात फिरला पाहिजे. याल ना?"

बारक्यानं चमकून आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी शांतपणे चष्मा पुसला.

"येईन की," ते म्हणाले. "पण बारक्याला बरोबर आणीन. त्याच्याशिवाय माझा हात चालत नाही."

म्हाताऱ्या माणसाला आधाराला मुलगा लागणारच, असं दुकानदाराला वाटलं. दोघांसाठी गाडी पाठवतो, असं तो लगेच म्हणाला.