भावकीने जोडलेला कॉम्प्युटर

लग्न दोनदा लागते. एकदा मांडवात आणि एकदा शूटिंगमध्ये. पहिल्याला भटजी, मुहूर्त आणि अक्षता असा सगळा सरंजाम लागतो. दुसऱ्याला एक शूटिंगवाला पुरतो. तरीही पहिले दुपारच्या पंगतीबरोबर संपते आणि दुसरे जन्मभर कपाटात राहते. त्यामुळे मोठा मान कुणाचा, हे विचारी माणसाला सांगावे लागू नये. (भटजींनी हे अद्याप मान्य केलेले नाही.)

नेरे गावात हा मान विश्रामकडे होता. फाट्यावर त्याचा ‘विश्राम व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग’ असा बोर्ड होता आणि पंचक्रोशीतली एकही हळद त्याच्या दिव्याच्या झोताशिवाय चढत नव्हती. दोन हजार आठच्या वैशाखात हैबतरावांच्या सुलक्षणाचे लग्न झाले. हैबतरावांची जमीन आयटी पार्काच्या रस्त्याला लागून होती. ती ‘होती’ म्हणूनच आता त्यांच्याकडे बेचाळीस इंची टीव्ही आहे. एवढ्या टीव्हीवर साधे लग्न शोभणार नाही, हे ओळखून त्यांनी पुण्याहून हाय डेफिनिशन कॅमेरा भाड्याने आणवला. नवरदेवाच्या मिशीतला केस न् केस सुटा दिसेल असे ते शूटिंग झाले.

ते विश्रामच्या जुन्या कॉम्प्युटरात घातल्यावर त्याने वाळूचे घड्याळ दाखवले. आषाढ लागला तरी ते घड्याळ काही हटेना.

हैबतरावांनी मुदत घालून दिली. “दिवाळसणाला जावई येनार. पाडव्याला फिल्म दिसली पायजे. न्हाई दिसली, तर तुळशीनंतरची भावकीतली समदी लग्नं वाकडच्या शूटिंगवाल्याला.”

भावकीतली लग्ने गेली म्हणजे धंदाच गेला. त्यानंतर विश्रामपुढे काय होते, हे त्याच्या घरात दाराच्या मागेच टांगलेले होते. त्याच्या मामांनी, म्हणजे कुशाबांनी, एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा त्याच्यासाठी बोलून ठेवली होती आणि गणवेशही आणून ठेवला होता. त्याची आई गंगूबाई दर गुरुवारी त्या गणवेशाला इस्त्री करीत. ते निळे कापड दिसू नये म्हणून विश्राम दार दिवसभर उघडेच ठेवी.

तेव्हा नवा कॉम्प्युटर जोडणे आले. विश्राम पुण्याला जाऊन बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराला विचारून आला. दुकानदाराने जांभई देत सांगितले की पैसे थोडे असतील तर सगळे प्रोसेसर आणि रॅममध्ये घाला, फिल्म ठेवायला वेगळी हार्ड डिस्क घ्या, बाकी डबा कुठलाही चालेल. सल्ला उत्तम होता आणि फुकट होता, त्यामुळे तो टिकण्याची शक्यता मुळातच कमी होती. शिवाय विश्रामची शिल्लक अर्ध्या कॉम्प्युटरापुरतीच होती. उरलेल्या अर्ध्यासाठी भावकी धावून आली.

भावकी जिथे पैसा घालते तिथे मानपान येतो. लग्नात जसा कुणाला फेटा, कुणाला टोपी-टॉवेल, तसा इथे प्रत्येकाला एकेक पार्ट निवडण्याचा मान द्यावा, असे हैबतरावांच्या पडवीत बसलेल्या बैठकीत ठरले. अध्यक्षस्थानी अमोघ होता. हा लातूरकडचा मुलगा हैबतरावांचा भाडेकरू आणि हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरीला. कंपनीत तो लोकांच्या रजा मंजूर करी. “मला हार्डवेअरमधलं खरंच काही कळत नाही हो,” असे त्याने हात जोडून सांगितले. एवढा पगार घेऊनही पोरगा किती नम्र आहे, हे पाहून त्याची निवड एकमताने झाली.

पहिला ठराव असा झाला की खर्च दिसेल तिथे करावा. सूचक हैबतराव, अनुमोदक कुशाबा मामा, विरोधात दुकानदार (गैरहजर).

मामांचा मान पहिला, म्हणून कॅबिनेट त्यांनी निवडले. एका बाजूला काच, आत निळे दिवे, आणि पंखा फिरला की दिव्यांचे चक्र होई. मॉनिटर हैबतरावांनी निवडला, टीव्हीला पाहून लाजणार नाही इतका रुंद. स्पीकर एका चुलत्याकडे गेले. त्यांनी दुकानात आवाज लावून पाहिला आणि छातीत धक्का बसला तेव्हाच मान हलवली. यूपीएस वजनावर घेतला गेला. गावाला रोजचे भारनियमन होते, तेव्हा जो दोघांना मिळून उचलावा लागेल तोच खरा. ग्राफिक्स कार्ड निवडायचे काम गंगूबाईंकडे आले. त्यांनी खोक्यावरची तलवारवाली बाई बघितली, तिच्या अंगावरचे कपडे बघितले आणि हे घरात यायचे नाही असा निकाल दिला. शेजारच्या खोक्यावर मोटारगाडी होती, ती आली.

राहता राहिले प्रोसेसर आणि रॅम. आणि राहता राहिले थोडेसे पैसे.

विश्रामने इथे प्रथमच तोंड उघडले. “मामा, समदं काम त्यो प्रोसेसरच करतो.”

“लग्नात समदं काम आचारी करतो,” मामा म्हणाले. “त्याला कुनी फेटा बांधतं व्हय?”

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. अमोघची कंपनीची बस फाट्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. “लॉजिकली बरोबर वाटतंय,” असे म्हणून तो पळाला. प्रोसेसर उरलेल्या पैशात आला.

नंतर हिशेब मांडला तेव्हा खर्चाचे साठ टक्के उजेडावर, तीस टक्के आवाजावर आणि दहा टक्के डोक्यावर झालेले निघाले. (याच भावकीतल्या लग्नांचे प्रमाण तपासले असता डोक्यावरचा खर्च याहून कमी भरतो.)

कॉम्प्युटर घरी आला तो सवाष्णींनी ओवाळून. कॅबिनेट पूर्वेकडे तोंड करून ठेवले, नारळ फुटला, हळदकुंकू वाहिले. बटन दाबताच आतल्या पंख्याने ते हळदकुंकू जसेच्या तसे अध्यक्षांच्या पांढऱ्या शर्टवर परत केले. दिवे लागले आणि शेजारपाजारची माणसे दारात जमून हरखून बघत राहिली. विश्रामलाही भरून आले. असले देखणे यंत्र आपल्या घरात कधी येईल असे त्याला वाटले नव्हते, आणि पुढे ते नुसते देखणेच निघाले.

त्यात सुलक्षणाचे लग्न घातल्यावर भटजी ‘स्व’ म्हणाले. ‘स्ति’ म्हणायला त्यांना बराच वेळ लागला. फिल्म तयार होताना पडद्यावर एक पट्टी पुढे सरकते. ती इथे सरकते आहे की नाही हे ठरवायला विश्राम मॉनिटरवर नखाने खूण करून जेवायला जाई. जेवून येईपर्यंत वीज जाई. यूपीएसची बॅटरी दिवे आणि स्पीकरच पिऊन टाकत, आणि वीज आल्यावर पट्टी नव्या उमेदीने पहिल्यापासून निघे. असा भाद्रपद गेला, दसरा गेला. गंगूबाईंची इस्त्री मात्र एकाही गुरुवारी चुकली नाही.

पाडव्याच्या सकाळी पट्टी अर्ध्यावर होती. सीडी होणे नव्हते. मग मामांनी तोड काढली की सीडी नसेल तर कॉम्प्युटरच नेऊ आणि कच्ची फिल्म तशीच दाखवू. टेम्पो आला. कॅबिनेट मामांच्या मांडीवर बसले. धूळ लागेल म्हणून गंगूबाईंनी घरातले एकमेव इस्त्रीचे कापड त्यावर पांघरले. निळा शर्ट, खिशावर ‘सिक्युरिटी’. विश्राम रस्ताभर त्याच्याकडे बघत राहिला.

हैबतरावांच्या अंगणात टीव्ही बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे जावईबापू प्रमोद, शेजारी सुलक्षणा. कॉम्प्युटर टीव्हीला जोडून कॅबिनेटवरचा शर्ट काढताच निळ्या दिव्यांना टाळ्या पडल्या. फिल्म सुरू झाली. माणसे हिसके खात चालत होती, पण पुण्याकडची नवी पद्धत असेल म्हणून कुणी काही बोलले नाही. पाठवणी आली. गाडीचे दार लागले, कॅमेरा हैबतरावांच्या चेहऱ्यावर गेला, आणि कॉम्प्युटर तिथे बसला तो बसलाच. स्पीकरमधून सनईचा एकच सूर भोंऽऽ करत राहिला.

बेचाळीस इंच हैबतराव. डोळे लाल, ओठ दाबलेले, मिशीच्या टोकाला एक थेंब लोंबतोय, न पडता. आपण पाठवणीला रडलो नाही, आचाऱ्याच्या चुलीचा धूर डोळ्यात गेला, असे हैबतराव वैशाखापासून सगळ्या गावाला सांगत आले होते.

विश्रामने सगळी बटने दाबून पाहिली. त्याला आपण गेटवर उभे राहून अमोघच्या बसला सलाम ठोकतोय असे स्पष्ट दिसले.

सुलक्षणा उठली आणि टीव्हीजवळ गेली. “आबा,” ती म्हणाली, “तुमी तर म्हनला हुता, धूर गेला.”

हैबतरावांनी उपरण्याने नाक पुसले. “इश्राम,” ते म्हणाले, “म्होरं सारू नगंस. ऱ्हाऊ दे तसंच.”

विश्रामचे डोळे भरले. (पुढे सरकवणे त्याच्या हातात नव्हते, हे त्याने सांगितले नाही.) सगळे अंगण नाक ओढत बसले. एवढ्यात कुशाबा मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारले की हे माझ्या तोंडावर कधी थांबणार?

त्या हंगामात भावकीची सगळी लग्ने विश्रामलाच मिळाली. थांबणाऱ्या फिल्मचा दर वेगळा होता. वरमाईच्या तोंडावर थांबायचा त्याहून वेगळा. वाकडच्या माणसाची फिल्म नुसतीच पळते, अशी तक्रार होऊ लागली, तेव्हा त्यानेही चांगला प्रोसेसर काढून उजेडाचे कॅबिनेट घेतले. अमोघला गावोगावच्या बैठकांना अध्यक्ष म्हणून बोलावणी येतात. गणवेश कापून गंगूबाईंनी कॅबिनेटला खोळ शिवली. खिशावरची ‘सिक्युरिटी’ तेवढी राहू दिली.

वाचकांना हसू येत असेल तर खुशाल हसावे. मात्र एकदा आपल्या लग्नाची सीडी काढून लावावी. मंगलाष्टका पळवाल, आहेर पळवाल, पंगत पळवाल, आणि बोट थांबेल ते स्वतःच्या तोंडावर. मग नीट बघा. तुमच्या फेट्यामागून आचारी भाताचे पातेले उचलून चाललेला अर्धवट दिसतो. त्याचे नाव सांगा.